हायपोकॅलेमिया : पोटॅशियमची ‘कमतरता’ म्हणावे का?

प्रश्न : रक्ततपासणीत सीरम पोटॅशियम ३.१ आले आणि चिठ्ठीवर निदान ‘हायपोकॅलेमिया’. या शब्दात पोटॅशियम आहे तरी कुठे? मराठीत सरळ ‘पोटॅशियमची कमतरता’ म्हटले तर चालेल ना?

उत्तर : पोटॅशियम मधल्या ‘कॅल’मध्ये आहे. त्याचे लॅटिन नाव कॅलियम, म्हणूनच रासायनिक चिन्ह ‘के’. कॅलियम आले अरबीतून, वनस्पतींच्या राखेला असलेल्या शब्दावरून. ‘पोटॅशियम’ही राखेतलेच : लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवत, उरलेला क्षार तो पोटॅश. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०७ साली दाहक पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा केला. (आपला यवक्षारही जवाच्या राखेतूनच काढतात.) ‘हायपो’ म्हणजे खाली, कमी. ‘एमिया’ म्हणजे रक्तातले, ॲनिमियात आहे तेच.

‘कमतरता’ या शब्दाला मात्र माझा ठाम आक्षेप आहे. कमतरता म्हटले की खाण्यात कमी पडले असे वाटते. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि तपासणीत मोजतात ते बाहेरचे, रक्तद्रवातले. इन्शुलिन किंवा दम्यावरचे साल्ब्युटॅमॉल दिल्यावर पोटॅशियम पेशींत शिरते. शरीरातून कणभरही गेलेले नसताना आकडा उतरतो. मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्ये (इन्शुलिन फार कमी पडून रक्तात आम्ल साठते ती अवस्था) याच्या उलट : लघवीवाटे भरपूर पोटॅशियम गेलेले असते, तरी सुरुवातीचा आकडा नेहमीएवढा किंवा जास्तही दिसतो आणि इन्शुलिन सुरू होताच झपाट्याने घसरतो. म्हणून ‘रक्तातली पोटॅशियमची पातळी उतरणे’ हेच अचूक. शब्द लांबला तरी चालेल.

खरोखर घट होते तीही बहुधा आहारामुळे नव्हे. उलट्या, जुलाब आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड, थायाझाइड वगैरे, ही नेहमीची कारणे.

दुसरा प्रतिसाद : बोलताना लोक ‘अंगातले क्षार कमी झाले’ म्हणतात. तेवढे पुरेसे नाही का?

उत्तर : धीर देण्यासाठी ठीक, पण माहिती म्हणून अपुरे. सोडियमही क्षारच, त्याची पातळी १३५ ते १४५ असते आणि ते उतरले की गुंगी, गोंधळलेपण येते. पोटॅशियमची पातळी साधारण ३.५ ते ५. ते उतरले की पाय गळून जातात, पोटऱ्यांत गोळे येतात, बद्धकोष्ठता होते, छातीत धडधडते. २.५ च्या खाली स्नायू लुळे पडू शकतात, हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला तर थोडी घटही बाधते. रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे नेताना ‘क्षार कमी होते’ एवढेच सांगितले, तर नेमकी हीच माहिती गळते. कोणता क्षार आणि आकडा किती, दोन्ही सांगावे.

तिसरा प्रतिसाद : हायपोकॅल्सेमिया तो हाच का?

उत्तर : नाही. ‘ल्से’ आला की कॅल्शियम. त्यात ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, हात आखडतात. ‘हायपो’ऐवजी ‘हायपर’ वाचले तर अर्थ पार उलटतो आणि हायपरकॅलेमियात पोटॅशियम देणे जीवघेणे ठरू शकते. हे शब्द फोनवर सांगताना ‘पोटॅशियम कमी’ असेही सोबत म्हणावे.

पहिला प्रश्नकर्ता : रिपोर्टवर एकक मिलिइक्विव्हॅलंट आहे, जुन्या रिपोर्टवर मिलिमोल. आकड्यात फरक पडतो?

उत्तर : पोटॅशियमच्या बाबतीत नाही, दोन्ही आकडे सारखेच. कॅल्शियमला मात्र हा नियम लागू नाही. आणखी एक : गोळ्या घेऊनही आकडा वर येत नसेल, तर मॅग्नेशियम तपासले आहे का ते डॉक्टरांना विचारा. ते कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियमचे औषध मनाने मुळीच घेऊ नये.