पेप्टाइड घ्यायचंय, कोटेशनवर ९५% लिहिलंय, विश्वास ठेवायचा का?

पिपेटवाली:
नमस्कार मंडळी. एमएस्सी झालंय, सध्या पुण्यातच एका कॉलेजात प्रोजेक्टवर आहे. एलएल-३७ घ्यायचंय, म्हणजे माणसाच्या शरीरातलंच अँटिमायक्रोबियल पेप्टाइड, ३७ अमिनो ॲसिडचं. आधी बॅक्टेरियावर एमआयसी काढायची (वाढ थांबवायला कमीत कमी किती लागतं ते) आणि जमलं तर मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या, सेल लाइनवर पण टाकायचं. तीन कोटेशन आलीत, तिन्हींवर ‘प्युरिटी ९५% च्या वर’ आणि किमतीत मात्र दुपटीचा फरक. अकाउंट्सवाले म्हणतात सगळ्यात स्वस्त घ्या नाहीतर कारण लेखी द्या, सर म्हणतात तूच बघ. तर ऑर्डर द्यायच्या आधी क्वालिटी ओळखायची कशी? कंपन्यांची नावं नकोत, काय विचारायचं ते सांगा.

कॉलमवाला:
तो ९५ चा आकडा बाजूला ठेव आणि एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्याचा ग्राफ, माग, आणि तोही जो लॉट तुला मिळणार आहे त्याचाच, ‘नमुना सर्टिफिकेट’ नावाची पीडीएफ नको. बऱ्याच ठिकाणी पेप्टाइड ऑर्डरनंतर बनवतात, अशा वेळी त्यांच्याकडून लिहून घे की डिस्पॅचच्या आधी रिपोर्ट पाठवू आणि तुम्ही हो म्हटल्यावरच माल निघेल. चांगले लोक कटकट न करता देतात.
ग्राफ आला की पहिलं बघायचं वेव्हलेंग्थ. २१४ किंवा २२० नॅनोमीटर असायला हवी, कारण तिथे पेप्टाइड बाँड शोषतो. २८० वर काढलेला ग्राफ दाखवला तर सरळ परत पाठव. एलएल-३७ मध्ये ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन नाही, फक्त चार फिनाइलॲलनिन आहेत, २८० ला ते दिसणारच नाही मग त्याची प्युरिटी कसली काढताय? (हेच नॅनोड्रॉपला, म्हणजे थेंबावर प्रकाश टाकून काँसंट्रेशन मोजायच्या यंत्राला, पण लागू, २८० ला ठेवून काँसंट्रेशन काढत बसू नकोस.)
मग ग्रेडियंट बघ, म्हणजे कॉलममधून सोडलेलं द्रावण किती हळूहळू बदललंय ते. हे पेप्टाइड रेझिनवर एकेक अमिनो ॲसिड जोडत बनतं, ३७ साठी ३६ जोडण्या, आणि प्रत्येक जोडणी ९९% झाली तरी शेवटी पूर्ण लांबीची साखळी जेमतेम ७०% उरते, बाकीच्यात कुठेतरी एखादं ॲसिड गळालेलं. हे गळके भाऊबंद ग्राफमधल्या मेन पीकला (उंचवट्याला) चिकटूनच येतात. ग्रेडियंट घाईघाईत उरकला की सगळे एकाच पीकखाली झाकले जातात आणि कागदावर ९८ येतं. पीकला खांदा (बाजूला फुगवटा) दिसतोय का, बेसलाइनवरचे बारके पीक इंटिग्रेट केलेत की सोडून दिलेत, ग्राफ दोन्ही बाजूंनी कापलाय का, एवढं बघितलंस तरी निम्मं काम झालं.

ढोबळमास:
+१ कॉलमवाला. माझी भर एवढीच की एचपीएलसी सांगतं किती शुद्ध, पण ‘काय’ शुद्ध हे सांगत नाही, त्यासाठी मास स्पेक, म्हणजे रेणूचं वजन मोजणं. एलएल-३७ चा मास ४४९३.३ च्या आसपास. ईएसआय (रेणूला विद्युतभार देऊन मोजायची पद्धत) केलं असेल तर चार चार्जचा पीक ११२४.३ ला आणि पाचचा ८९९.७ ला यायला हवा. स्पेक्ट्रममध्ये स्वतः शोध, खाली ‘कन्फर्म्ड’ असा शिक्का असला म्हणून गप्प बसू नकोस. मास १६ ने जास्त दिसला की साधारण ऑक्सिडेशन, पण तुझ्या सीक्वेन्समध्ये मेथिओनिन, सिस्टिन काही नाही त्यामुळे ती डोकेदुखी कमी. आणि मास बरोबर आला म्हणजे क्रम बरोबर असं नाही हं, तीच ॲसिडं उलटसुलट जोडली तरी वजन तेवढंच भरतं, खात्री हवी तर एमएस-एमएस, म्हणजे रेणू तोडून तुकड्यांचं वजन बघणं. अर्थात सगळ्याच कामाला एवढं लागत नाही.

पाषाणवासी:
सगळे प्युरिटीवर बोलतायत, वजनावर कोणीच नाही! ताई, ‘५ मिग्रॅ’ म्हणजे ५ मिग्रॅ पेप्टाइड नव्हे. प्युरिफिकेशनमध्ये टीएफए नावाचं ॲसिड वापरतात आणि ते प्रत्येक बेसिक जागेला मीठ होऊन बसतं. तुमच्या पेप्टाइडमध्ये ६ लायसिन, ५ आर्जिनिन आणि एक एन-टर्मिनस, झाले १२. टीएफएचं रेणूवजन ११४, म्हणजे १२ गुणिले ११४, १३६८. ४४९३ च्या पेप्टाइडला १३६८ चं ओझं! वजनात पेप्टाइड ७७% च्या आसपास, त्यात पावडर ओल धरते ते वेगळंच. आणि एचपीएलसीच्या टक्क्यात यातलं काहीच धरलेलं नसतं, ९९% प्युअर माल पण वजनाने ७०% असू शकतो. म्हणून विचारायचं, ‘नेट पेप्टाइड कंटेंट’ किती आणि कशावरून काढलाय, अमिनो ॲसिड ॲनॅलिसिस की नायट्रोजन? मग किंमत नेट मिलिग्रॅमला काढा, कदाचित स्वस्तवाला तेवढा स्वस्त राहणार नाही.

कॉलमवाला:
बरोबर आहे काका, पण एमआयसी दुपटीच्या डायल्यूशनने काढतात, त्यात पाव टक्क्याचा नाही तर पाव हिश्शाचा फरक सुद्धा प्लेटच्या एका खड्ड्यात (एका पायरीत) मावतो. मॅक्रोफेजवर टाकताना मात्र टोचेल.

पाषाणवासी:
मान्य. आणि मॅक्रोफेजसाठी टीएफए काढून ॲसिटेट करूनच मागवा, उरलेलं टीएफए पेशींना त्रास देऊ शकतं. एन्डोटॉक्सिनचा (बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष) रिपोर्ट पण मागा, नाहीतर सायटोकाइन (पेशी एकमेकींना इशारा द्यायला सोडतात ते प्रोटीन) वाढलं ते पेप्टाइडमुळे की घाणीमुळे, कळणार नाही. त्यातही गंमत अशी की एलएल-३७ स्वतःच एन्डोटॉक्सिनला धरून बसतं, मग एलएएल या एन्डोटॉक्सिन मोजायच्या टेस्टमध्ये ते कमी दिसू शकतं. मुद्दाम टाकलेलं एन्डोटॉक्सिन टेस्टमध्ये किती परत मिळालं, म्हणजे स्पाइक रिकव्हरी, ती दिलीय का बघा.

वारजे_जिम:
भारी धागा. मला एक सांगा, जिममधला एकजण बीपीसी-१५७ ची (दुखापतीसाठी म्हणून विकतात ते पेप्टाइड) वायल देतोय, सोबत ९९% चं सर्टिफिकेट पण आहे क्यूआर कोडवालं. खांद्याला घ्यायचंय. वर सांगितलं तसं चेक केलं की चालेल ना?

ढोबळमास:
नाही चालणार रे भावा. वर जे चाललंय ते प्लेटमधल्या बॅक्टेरियासाठी आहे. ती वायल स्टराइल आहे का, त्यात एन्डोटॉक्सिन किती, हे एचपीएलसीच्या ग्राफमध्ये दिसतच नाही, ग्राफ अगदी खरा असला तरी. आणि वायलवर बारीक अक्षरात ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेलं असेल बघ, म्हणजे टोचून काही झालं तर विकणारा हात वर करायला मोकळा. शिवाय २०२२ पासून ते वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) बंदी यादीत आहे, स्पर्धेत उतरत असशील तर तिथेही गेलास. ऑर्थोपेडिकला खांदा दाखव.

वारजे_जिम:
ओके. दाखवतो. तो म्हणत होता डॉक्टर लोकांना हे माहीतच नसतं 😅

स्टोअरचा_माणूस:
लॅबमधलं मला कळत नाही पण खरेदीत आयुष्य गेलं म्हणून सांगतो. कोटेशन आल्यावर भांडण्यात अर्थ नाही, इन्क्वायरीतच स्पेसिफिकेशन टाका. हे वर सगळ्यांनी लिहिलंय ना, लॉटचा क्रोमॅटोग्राम २१४ ला, मास स्पेक्ट्रम, नेट कंटेंट, ॲसिटेट मीठ, एन्डोटॉक्सिन, आणि ‘रिपोर्ट मान्य झाल्यावरच डिस्पॅच’, असं लिहून तिघांनाही पुन्हा पाठवा. कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंटमध्ये ‘स्पेक पूर्ण होत नाही’ असा कॉलम भरला की अकाउंट्स काही बोलत नाही, त्यांना कागद लागतो, वाद नको असतो. सगळ्यात स्वस्तवाल्याने स्पेक पूर्ण केला तर मात्र गुपचूप त्याचंच घ्या.

पिपेटवाली:
बापरे, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना 🙏 सोमवारी नवीन इन्क्वायरी पाठवते. आल्यावर बाहेरून एकदा तपासून घ्यायचं असेल तर पुण्यात कुठे? आणि ह्या पावसाळी हवेत कुरियरमध्ये बर्फ वितळला तर माल गेला का?

पाषाणवासी:
एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारात व्हेंचर सेंटर आहे, ते बाहेरच्यांची सॅम्पल पैसे घेऊन करतात, दर आणि रांग फोन करून विचारा. कोरडी पावडर दोन-चार दिवस साध्या तापमानाला सहसा टिकते, बर्फासाठी जीव टाकू नका. ओल मात्र वाईट. उणे २० मधून काढलेली वायल खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर जुलैतली सगळी हवा आत जाऊन बसेल.

कॉलमवाला:
आणि ५ मिग्रॅ एकाच वायलमध्ये नको, १ मिग्रॅच्या पाच भरून माग, थोडे जास्तीचे घेतील पण सारखं वितळवणं-गोठवणं वाचेल. प्लेट पॉलिप्रॉपिलिनची घे, पॉलिस्टायरिनला हे चिकटून बसतं.