शिक्षण परिषदेत खगोलशास्त्राचं सत्र घ्यायचंय, काय काय घेऊ?

विज्ञानवाली_बाई
नमस्कार मंडळी. मी झेडपीच्या शाळेवर सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. डिसेंबरात आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद आहे, तिथे मला अख्खा दिवस खगोलशास्त्र घ्यायला सांगितलंय, विषय असा की "उपलब्ध साधनांचा अध्यापनात वापर". आता उपलब्ध म्हणजे एक प्रोजेक्टर, तोही मूडमध्ये असला तर, आणि शिक्षकांचे स्वतःचे मोबाईल. दुर्बीण नाही. येणारे पस्तीस-चाळीस जण, त्यातले निम्मे भाषा-समाजशास्त्रवाले, विज्ञानाचा तास गळ्यात पडलाय म्हणून घेणारे. सहावीचं 'विश्वाचे अंतरंग' आणि सातवीचं 'तारकांच्या दुनियेत' हे दोन्ही धडे बहुतेक ठिकाणी वाचून दाखवून संपतात हे आपल्याला माहितीये. पीपीटी करून ग्रहांचे फोटो दाखवले तर सगळे वा वा म्हणतील आणि जेवून घरी जातील. तसं नकोय. कुणी असं प्रशिक्षण घेतलंय का?

दुर्बीणप्रेमी
मॅडम, सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशातून, दुर्बीण मिळते का बघा. एकदा शनीची कडी दाखवली की माणूस आयुष्यभर विसरत नाही, बाकी काही करायची गरजच पडत नाही.

गुरुजी_खेड
वरच्या दादांशी असहमत. आमच्या तालुक्यात अशा दुर्बिणी आल्या होत्या, आज त्या कुठल्या कपाटात आहेत ते शिपायालाच ठाऊक. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवता येत नाही, आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) हरवते, आणि साहेब भेटीला आले की फोटोपुरती बाहेर निघते. दुर्बीण वाईट नाही पण ती शेवटी.

बाई, मी अशी सत्रं घेतलीत म्हणून सांगतो, सगळ्यात आधी परिषदेची तारीख पंचांग बघून मागून घ्या. शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या आसपासची. त्या दिवशी चंद्र दुपारी उगवतो, चार वाजता पूर्वेकडे चांगला वर आलेला असतो आणि अंधार पडल्यावरही डोक्यावरच असतो. भरदिवसा मैदानात नेऊन चंद्र दाखवला की निम्मे शिक्षक "अरे हा दिवसा पण दिसतो?" म्हणतात, खोटं वाटेल पण करून बघा. मग प्रत्येकाच्या हातात एक पांढरा बॉल द्यायचा आणि उन्हात उभं राहून हात लांब करून तो चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरायला सांगायचा. बॉलचा जेवढा भाग उजळलेला दिसतो तेवढाच चंद्राचा दिसतो, हुबेहूब, कारण दोघांवर एकाच बाजूने ऊन पडतंय. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मनात धरून बसलेले शिक्षक पुष्कळ असतात, बोर्डावर कितीही आकृत्या काढा ते हलत नाही, इथे दोन मिनिटात हलतं. सावलीचं प्रकरण ग्रहणाचं, कलांचं नाही, हे मग ते एकमेकांनाच सांगायला लागतात.

ऋतूंचंही तसंच. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा असं कुणी म्हणालं की एवढंच सांगा की ती सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, जेव्हा आपण शेकोटी करून बसलेलो असतो. पुढचं काम त्यांचं ते करतात.

मृगाचा_पाऊस
मी शिक्षक नाही, हौशी आकाशनिरीक्षक. गुरुजींच्या पंचांगाला माझं अनुमोदन, कारण भिंतीवरचं कॅलेंडर हे घराघरात असलेलं खगोलशास्त्राचं साधन आहे आणि कुणी वापरतच नाही. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पोरं आजीबरोबर उपाशी ताटकळतात. मुंबईचा चंद्रोदय आणि नागपूरचा वेगळा का, हा प्रश्न घ्या की. महिन्यांची नावं घ्या. कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगाजवळ, म्हणून ती नावं.

आणि खेड्यातल्या शिक्षकांना सगळ्यात भिडतं ते पावसाचं नक्षत्र. 7-8 जूनला "मृग लागला" म्हणतो, मग तेव्हा आकाशात मृग दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही, कारण मृग लागला म्हणजे सूर्यच त्या भागात आलाय, ते तारे दिवसा वर असतात, उजेडात दिसणार कसे. तोच मृग डिसेंबरात रात्री आठला पूर्वेला झकास वर आलेला असतो, तीन ताऱ्यांचा बाण ओळीत. पेरणी करणाऱ्या घरातल्या पोराला हे कळलं की पृथ्वी सूर्याभोवती फिरते याला एकदम अर्थ येतो. (यात भविष्य घुसू देऊ नका एवढंच, कुणीतरी माझी रास कुठली विचारणारच.)

स्टेलॅरियम_फॅन
स्टेलॅरियम विसरू नका, कुठल्याही तारखेचं आकाश स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. पीसीवर आधीच टाकून ठेवलं की नेट नसलं तरी चालतं. फक्त दाखवत बसू नका, शिक्षकांना चालवायला द्या. जूनची तारीख टाका, त्यातलं वातावरण बंद करा म्हणजे दिवसाही तारे दिसतात, दुपारी बाराला सूर्य मृगाजवळ दिसतो. वरच्यांचा मुद्दा तिथल्या तिथे सिद्ध.

माजी_मुख्याध्यापक
शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो, सगळे घेतात पण शाळेच्या वेळापत्रकात तो बसत नाही. पुण्याला एक साधारण 13-14 मेला, म्हणजे सुट्टीत, दुसरा जुलैअखेर, तेव्हा सूर्यच दिसत नाही. त्यापेक्षा कुठल्याही उन्हाच्या दिवशी काठी रोवून सर्वात लहान सावली कधी पडते ते बघा. बाराला पडत नाही! आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं, पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सरासरी 12:35, डिसेंबरात साडेबाराच्या आसपास.

दुसरं, सूर्याचा व्यास मोजा. छोट्या आरशावर काळा कागद लावून त्याला सेंटिमीटरभर भोक पाडा, आरसा मातीच्या गोळ्यात खोचून उन्हात ठेवा, कवडसा अंधाऱ्या वर्गात भिंतीवर पाडा. 22 मीटरवर साधारण 20 सेंटिमीटरचा गोल मिळतो. तो भोकाचा आकार नाही, ती सूर्याची प्रतिमा आहे, भोक चौकोनी केलं तरी गोलच येते. अंतर भागिले प्रतिमेचा व्यास, 108च्या जवळपास. सूर्य 15 कोटी किलोमीटरवर, त्याला 108ने भागा, साधारण 14 लाख किलोमीटर. टेप आणि आरशावर सूर्याचा व्यास! गणिताचे शिक्षक या ठिकाणी जागे होतात. सूर्याकडे किंवा आरशात थेट बघायचं नाही हे मात्र आधी बजावा.

विज्ञानवाली_बाई
सर्वांचे आभार, दुपारचा चंद्र आणि आरसा दोन्ही पक्कं. एक अडचण, आमच्याकडे बहुतेक मॅडम अप-डाऊन करतात, शेवटची एसटी साडेसातला. आकाशदर्शन कसं बसवू?

गुरुजी_खेड
डिसेंबर आहे, सहाला सूर्य बुडतो, पावणेसातला तारे बऱ्यापैकी दिसतात. सत्र 11 ऐवजी 12ला सुरू करा आणि 7ला सोडा. मृग तेव्हा खाली असेल पण कृत्तिका वर दिसतात, आणि चंद्र आहेच. केंद्रप्रमुखांशी वेळेचं आत्ताच बोलून ठेवा, नंतर हजेरीच्या कागदावर अडकतं.

विज्ञानवाली_बाई
बोलते उद्याच. बॉल कुठला घेऊ? थर्माकोलचे गोळे तालुक्याला मिळत नाहीत.

गुरुजी_खेड
टेबल टेनिसचा चालेल. चमकत असला तर खडूची भुकटी चोळा.