कपाळाला आठ्या पडतात, पण ओठ वाकडा होतो: सातव्या कर्पर चेतेविषयी शंका

प्रश्न: प्रथमवर्ष_विद्यार्थिनी

कर्पर चेतांच्या (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या) बाराही जोड्या मला क्रमाने पाठ आहेत, पण सातवीपाशी, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या चेतेपाशी, गाडी अडते. मोठ्या मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडते, मात्र रुग्णाला कपाळाला आठ्या घालता येतात आणि डोळाही बऱ्यापैकी मिटतो, असे पुस्तकात दिले आहे. याउलट बेल्स पाल्सीत (या चेतेच्या बिघाडाने अचानक येणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्यात) ज्या बाजूची चेता बिघडली त्याच बाजूचे कपाळ, डोळा आणि ओठ हे सगळेच ढिले पडते. संपूर्ण अर्ध्या चेहऱ्याच्या हालचाली एकच चेता करवीत असेल, तर पहिल्या प्रकारात कपाळ कसे काय वाचते?

उत्तर: जुना_शारीरशास्त्री

तुम्ही विचाराची सुरुवात चेतेपासून करता आहात. ती चेतेच्या केंद्रकापासून, म्हणजे मेंदूतील ज्या पेशीसमूहातून ती निघते तेथून करा, म्हणजे उलगडा होईल. हे केंद्रक मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागाच्या, म्हणजे पॉन्सच्या, खालच्या भागात असते आणि त्यातील प्रेरक चेतापेशी एकजिनसी नसून त्यांचे स्नायूंनुसार गट पडलेले असतात. ओठ व गाल हलवणाऱ्या गटाला येणारे आदेश प्रामुख्याने विरुद्ध बाजूच्या बाह्यकातून (मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातून) येतात, तर कपाळाचे स्नायू हलवणाऱ्या गटाला दोन्ही बाजूंच्या बाह्यकांतून तंतू मिळतात. त्यामुळे उजव्या गोलार्धातील तंतू निकामी झाले तरी डाव्या कपाळाला डाव्या गोलार्धाकडून आदेश मिळतच राहतात. डाव्या ओठाला तशी दुसरी सोय नसते. चेता एकच आहे हे खरे, परंतु तिच्या उगमापर्यंत येणाऱ्या वाटा मात्र एकसारख्या नाहीत.

केंद्रकातून बाहेर पडल्यावर हा भेद उरत नाही, कारण तेथून पुढे कपाळाचे आणि ओठाचे तंतू एकाच जुडग्यातून जातात. ही चेता पॉन्स व त्याखालचा मेड्युला यांच्या सांध्यावर, ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या आठव्या चेतेला लागूनच बाहेर येते, तिच्यासोबतच कानाच्या आतल्या बोगद्यात शिरते आणि मग शंखास्थीतील (कानाभोवतीच्या हाडातील) स्वतःच्या वळणदार हाडी नलिकेतून प्रवास करते. या नलिकेच्या तोंडाशी जागा इतकी अरुंद असते की तिचा व्यास एक मिलिमीटरही भरत नाही. बेल्स पाल्सीत चेतेला सूज येते, हाड काही ताणले जात नाही, आणि चेता आतल्या आत दाबली जाते. याच प्रवासात तिच्यातून दोन लहान फाटे निघतात: एक मधल्या कानातील स्टेपिडियस या चिमुकल्या स्नायूला जातो, दुसरा जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाकडून चव आणणारा कॉर्डा टिंपनी. म्हणूनच काही रुग्ण सांगतात की त्या बाजूच्या कानात साधे आवाजही कर्कश वाटतात किंवा जेवण बेचव लागते. ही तक्रार रुग्णाने आपणहून केली नाही तरी विचारून घ्यावी, कारण बिघाड हाडाच्या आत आहे की चेता कानामागून बाहेर पडल्यानंतर आहे याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

उत्तर: मस्तिष्कस्तंभ_प्रेमी

वरील विवेचन योग्यच आहे, परंतु विद्यार्थी त्यावरून ‘कपाळ गेले म्हणजे मेंदू सुरक्षित’ असे सूत्र करून टाकतात आणि तेथे फसतात. सातव्या चेतेचे केंद्रक स्वतः मेंदूतच, म्हणजे पॉन्समध्ये आहे. तेथेच रक्तपुरवठा तुटला किंवा गाठ झाली, तर कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडतो आणि वरवर पाहता बेल्स पाल्सीच वाटते. अशा वेळी डोळ्यांकडे पाहावे. सातव्या चेतेचे तंतू केंद्रकातून निघून थेट बाहेर पडत नाहीत; ते आधी मागे जाऊन डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या चेतेच्या केंद्रकाला वळसा घालतात, आणि या वळशामुळे चौथ्या मस्तिष्कविवराच्या (मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) तळावर छोटासा उंचवटा दिसतो. दोघांचा शेजार इतका निकटचा असल्याने तेथील इजेत चेहऱ्याबरोबरच त्या बाजूचा डोळा बाहेरच्या दिशेला वळेनासा होतो.

आणि परीक्षेपुरते नव्हे, पण महत्त्वाचे: चेहरा अचानक वाकडा झाला तर आठ्यांवरून घरच्या घरी निदान करत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रतिसाद: प्रथमवर्ष_विद्यार्थिनी

दोघांचेही आभार. आणखी एक शंका: सातवी चेता गेली तर वरची पापणी खाली लोंबायला हवी ना? चित्रांत मात्र डोळा उघडाच राहिलेला दिसतो.

उत्तर: जुना_शारीरशास्त्री

पापणी उचलणारा मुख्य स्नायू तिसऱ्या चेतेच्या ताब्यात असतो. सातवी चेता पापणी मिटवते. म्हणून सातवी बिघडली की डोळा उघडा राहतो, तिसरी बिघडली की पापणी लोंबते. उघड्या राहिलेल्या डोळ्याचे बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होऊ शकते, त्यामुळे बेल्स पाल्सीत डोळ्याची काळजी घेणे हा उपचाराचा मोठा भाग ठरतो. संवेदना मात्र शाबूत असते, कारण ती पाचव्या चेतेकडून मेंदूत पोहोचते. लुळ्या बाजूच्या बुबुळाला कापसाचे टोक हलकेच लावून पाहा: स्पर्श झालेला डोळा मिटत नाही, पलीकडचा निरोगी डोळा मात्र मिटतो.