मदत हवी आहे: टू-फोटॉन छपाईत सुटी रेषा बारीक येते, पण शेजारची जवळ आणली की फट बुजते

नमस्कार. मी वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि सोबत पीएच.डी.चे काम करतो. टू-फोटॉन छपाईचा लेसर नागपूरला आहे; या पद्धतीत लेसरच्या केंद्राशी एकाच वेळी दोन फोटॉन शोषले गेले की द्रव रेझिन तेवढ्याच जागी घट्ट होते. तिथे सुट्ट्यांमध्येच जाणे होते, त्यामुळे पुढच्या खेपेला काय करायचे ते इथूनच ठरवून जावे लागते.

मांडणी अशी आहे: ७८० नॅनोमीटरचा फेमटोसेकंद लेसर, १.४ न्यूमेरिकल अपर्चरचे (प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतो त्याचे माप) ऑइल इमर्शन ऑब्जेक्टिव्ह, पेंटाएरिथ्रिटॉल ट्रायअ‍ॅक्रिलेट हे रेझिन आणि त्यात डीईटीसी हा फोटोइनिशिएटर (प्रकाश शोषून घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारा पदार्थ). लेसरची शक्ती उंबरठ्याच्या (रेझिन घट्ट होण्यास लागणाऱ्या किमान शक्तीच्या) जेमतेम वर ठेवली की सुटी रेषा १०० नॅनोमीटरच्या आसपास येते. मात्र दोन रेषांमधले अंतर ३०० नॅनोमीटरच्या खाली गेले की मधली फट बुजते. एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रात अर्धवट घट्ट झालेल्या रेझिनचे तंतू एका रेषेवरून दुसरीवर ताणलेले दिसतात. शक्ती आणखी उतरवली, तर रेषा डेव्हलपरमध्ये (न घट्ट झालेले रेझिन धुणाऱ्या द्रावणात) तुटून वाहून जाते.

अ‍ॅबेच्या निकषाने (प्रकाशाच्या रिझोल्यूशनचा नियम), दोन फोटॉनसाठी, दोन रेषांमधल्या किमान अंतराची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर निघते. रेषेची जाडी म्हणजे रिझोल्यूशन (दोन रेषा वेगळ्या दिसण्याचे किमान अंतर) नव्हे, हे शोधनिबंधांच्या मथळ्यांत बहुधा झाकले जाते. ऑस्ट्रेलियातील स्विनबर्न विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये ९ नॅनोमीटरची रेषा छापली, तेव्हाही दोन रेषा वेगळ्या दिसण्याची मर्यादा ५२ नॅनोमीटर होती, तीसुद्धा पॉलिमरायझेशन (रेझिन घट्ट होण्याची क्रिया) रोखणारा दुसरा लेसर वापरून.

दोन रेषांमध्ये काही सेकंद थांबूनही फरक पडत नाही, त्यामुळे रॅडिकलच्या (ही क्रिया पुढे नेणाऱ्या क्रियाशील रेणूंच्या) विसरणापेक्षा, पहिल्या रेषेच्या कडेला उंबरठ्याखाली राहिलेला प्रकाशाचा डोस रेझिनमध्ये टिकून राहतो आणि दुसरीचा त्यात मिसळतो, असा माझा कयास आहे.

उपाय दोन दिसतात. एक, रेषेच्या कडेचे पॉलिमरायझेशन रोखणारा ५३२ नॅनोमीटरचा, मध्ये पोकळ अशा कंकणाच्या आकाराचा दुसरा लेसर जोडणे. पण व्होक्सेल (एका वेळी घट्ट होणारा ठिपका) गव्हाच्या दाण्यासारखा उभा लांबट असल्याने उंचीच्या दिशेने वेगळा फेज मास्क (झोताचा आकार बदलणारा घटक) लागेल, आणि दोन्ही झोत एकाच बिंदूवर टिकवणे सोपे नाही. दुसरा, जर्मनीतील कार्ल्सरूच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलेले बेंझिल या फोटोइनिशिएटरचे द्विपायरी शोषण (दोन फोटॉन एकदम नव्हे, तर एकामागोमाग शोषले जाणे), ज्यात ४०५ नॅनोमीटरचा साधा डायोड लेसर पुरतो. तो आमच्या महाविद्यालयातही बसवता येईल. मे महिन्यातले तापमान आणि भारनियमन हा वेगळाच विषय.

बेंझिलवर काम केलेल्यांना माझा प्रश्न: डोस साठण्याचा हा परिणाम त्यात खरोखर कमी असतो का, की तिथेही रॅडिकल-शोषक मिसळावा लागतो? तसेच, रेझिनमधल्या, रॅडिकल निष्प्रभ करणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण बदलून फट मोकळी राहिल्याचा कुणाचा अनुभव असल्यास कृपया कळवावा. पुढच्या खेपेचे नमुने त्यानुसार आखेन.