वन्यप्राण्यांची जुनी छापील चित्रं: अस्सल कशी ओळखायची?

प्रश्न
खार, ससा, हरीण, कोल्हा अशी जुन्या निसर्गग्रंथांतली चित्रं बैठकीच्या भिंतीवर लावायची आहेत. विकणारे सगळेच 'दीडशे वर्षं जुनं' म्हणतात. कागद पिवळट असला की अस्सल समजायचं का?

प्रतिसाद १
पिवळेपणावर मुळीच जाऊ नका, तो चहाच्या पाण्यानेही आणता येतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग रंगावर धरा. सारख्या अंतरावरच्या रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली, तर ती हल्लीची छपाई. हाताने रंगवलेल्या चित्रात रेषा छापलेली असते, पण जलरंग कुठे रेषेबाहेर सांडलेला, कुठे अलीकडेच थांबलेला दिसतो. मला तर ती जागा सापडली की फार आनंद होतो. तिथे कुणाचा तरी हात थांबलेला असतो!

प्रतिसाद २
तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब उमटतो, तोही बघा.

प्रतिसाद ३ (पहिलाच मी)
बरोबर, पण दाब नाही म्हणून चित्र नकली ठरवू नका. शिळाछापाला, म्हणजे सपाट दगडावरून छापलेल्या चित्राला, तो नसतोच. ऑडुबॉन आणि बाकमन या अमेरिकी निसर्गअभ्यासकांच्या उत्तर अमेरिकेतल्या सस्तन प्राण्यांच्या ग्रंथातली १५० मोठी चित्रं (१८४५-४८) शिळाछापाची, वर हाताने रंगवलेली. नंतर त्याची लहान आकाराची आवृत्तीही निघाली, त्यामुळे चित्र लहान दिसलं म्हणून लगेच संशय नको. इंग्रज लाकूडकोरीव चित्रकार बेविकच्या १७९०च्या चतुष्पादांच्या ग्रंथात तर लाकडी ठोकळे अक्षरांच्या खिळ्यांसोबतच छापले. त्याच्या पानामागे मजकूर असणं ही उलट चांगली खूण.

प्रश्नकर्ती
ही पानं पुस्तकं फोडूनच काढतात ना?

प्रतिसाद ४ (पुन्हा मीच)
बहुतेक वेळा हो, आणि ते मला सहन होत नाही. आधीच सुटं झालेलं पान जरूर घ्या. पण धड पुस्तक कुणी तुमच्यासाठी फोडणार असेल तर नको म्हणा. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर अशा ग्रंथांची स्कॅन केलेली पानं मोफत मिळतात. ती सुती, बिनचकाकीच्या कागदावर छापून घ्या, भिंतीवर सुंदर दिसतात. अस्सल पान असेल तर मात्र माउंट (फ्रेममधला चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लरहित हवा, कागद काचेला टेकता कामा नये, आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर अजिबात नको, जलरंग उडतात. तपकिरी ठिपके घालवायला घरी ब्लीच वापरू नका. ठिपके राहिले तरी चालतील, कागद जगला पाहिजे.