टाके निघाले म्हणजे पाय बरा झाला असं नाही

टाके निघाल्यावर लगेच धावायला सुरुवात करू का, असं तुम्ही विचारलंय. कळकळीने सांगते, घाई करू नका. माझ्या घोट्याचं बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) ऑपरेशन करून शिवलं होतं. टाके 2 आठवड्यांत निघाले, पण तेवढ्यात फक्त कातडी सांधते. आतलं भरून यायला महिने लागतात. ऑपरेशननंतर घोट्याला आधार म्हणून घातलेला बूट काढला तेव्हा पोटरी इतकी वाळली होती की मोजा सारखा खाली घसरायचा. फिजिओची कसोटी एकच होती: त्याच एका पायावर उभं राहून टाच सलग 25 वेळा उचलायची. पहिल्या दिवशी एकदाही उचलली गेली नाही, रडूच आलं. चौथ्या महिन्यात जमलं. मग 1 मिनिट धावणं, 2 मिनिटं चालणं. तोल सांभाळायचे व्यायाम मात्र अजिबात टाळू नका, घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून तेच कामी येतात.