मंडळीचा निधी, अमेरिकन इंडेक्स फंड आणि पॅलेस्टाइन: तपासणी कशी करावी?

नवापूर_मंडळी: जय ख्रिस्त. आमचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. इमारत निधीच्या मुदत ठेवीची मुदत संपतेय. पंच कमिटीत एस अँड पी ५०० इंडेक्स फंडाचं (अमेरिकेतल्या सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड) नाव निघालं. तरुण संघ म्हणतो, त्यात वेस्ट बँकेत (इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश) घरं पाडणाऱ्या बुलडोझरची कंपनी आहे. खात्री कशी करायची? बाहेरच्या चर्चनी काय केलं?

हिशेबनीस_धुळे: आधी कायदा बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३५. अनुसूचित बँक, पोस्ट, सरकारी रोखे चालतात. त्यापलीकडे जायचं तर धर्मादाय आयुक्तांचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश लागतो. आयकराच्या नियमांत म्युच्युअल फंड बसतो, म्हणून सीए 'हो' म्हणतो आणि कलम ३५ तसंच राहून जातं. पुढे ऑडिटमध्ये तेच निघतं. थेट शेअर घेतले तर करमाफीच धोक्यात.

तापीकाठ: तरुणांचं बरोबर आहे, कॅटरपिलर त्या निर्देशांकात आहे. तिचे डी-९ बुलडोझर इस्रायली सैन्य वापरतं. कंपनीचं म्हणणं असं की विक्री अमेरिकी सरकारच्या लष्करी विक्री योजनेतून होते.

अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने २००४ मध्ये हा विषय घेतला. आधी पत्रं, मग बैठका, मग भागधारक म्हणून ठराव. काही हललं नाही, तेव्हा २०१४ मध्ये डेट्रॉइटच्या महासभेत ३१० विरुद्ध ३०३ मतांनी कॅटरपिलर, ह्यूलेट-पॅकार्ड आणि मोटोरोला सोल्यूशन्सचे शेअर विकायचं ठरलं. इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क त्याच ठरावात मान्य केला होता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या पेन्शन मंडळाने पाच इस्रायली बँका गुंतवणुकीतून वगळल्या.

तुमची अडचण निराळी आहे. फंडात तुमच्या हाती युनिट असतं, शेअर नाही. कंपनीच्या सभेत मत फंडवाले देतात. म्हणजे 'आत राहून दबाव आणू' हा मार्ग तुम्हाला नाही. इंडेक्समधून एक कंपनी काढताही येत नाही. घ्या किंवा घेऊ नका, एवढंच.

नवापूर_मंडळी: आणि फंडातल्या कंपन्यांची यादी कुठे बघायची?

तापीकाठ: फंड कंपनीच्या संकेतस्थळावर दर महिन्याचा पोर्टफोलिओ एक्सेलमध्ये येतो. कंपनीचं नाव टाकून शोधा. फंड-ऑफ-फंड्स (दुसऱ्या फंडात पैसे घालणारा फंड) असेल तर तिथे परदेशी फंडाची एकच ओळ दिसते आणि लोक 'काही नाही' म्हणून फाइल बंद करतात. त्या परदेशी फंडाची स्वतःची यादी उघडा.

वडील_अमळनेर: मंडळीत पवित्र शास्त्रातलं इस्राएल आणि आजचं सरकार यांची गल्लत होते, आणि मग सभा भांडणात जाते. म्हणून ठरावात देशाचं किंवा यहुदी लोकांचं नाव नको. 'नागरिकांची घरं पाडण्यासाठी वापरली जाणारी यंत्रसामग्री पुरवणाऱ्या कंपन्या' असं कृत्य लिहा, आणि तोच निकष जगात सगळीकडे लावा. माझ्या मते तुमच्या निधीला सरकारी रोखे किंवा पुन्हा ठेवच योग्य. बांधकामाचा पैसा बाजाराच्या चढउतारावर ठेवू नये. तरी फंड घ्यायचाच ठरला, तर बघितलेली यादी तारखेसह इतिवृत्ताला जोडा. ती बदलत राहते.